ताट मांडून बघा, मग टेबल घ्या

दसरा तोंडावर आला की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांत सोफा, कपाट, पडदे सगळं मागं पडतं आणि डायनिंग टेबल पुढं येतं. यावेळी तर ढीगच आलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते घेतलेत. बहुतेक पत्रांत खोलीचं माप असतं, टेबलाचा फोटो असतो, रंग कुठला घेऊ ते असतं, पण घरात जेवायला किती जण एकावेळी बसतात आणि वाढणारं माणूस कधी बसतं हे जवळजवळ कुणीच लिहीत नाही. माझं सगळं उत्तर तिथूनच सुरू होतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ताई, कोल्हापुरात कळंब्याला टू बीएचके घेतलाय. हॉल आणि डायनिंग एकत्रच आहे, रुंदी १० फूट आणि सोफ्याची जागा सोडली की डायनिंगला ८ फूट उरतात. शोरूममध्ये ६ बाय साडेतीनचं सहा खुर्च्यांचं टेबल बघितलंय, फार आवडलंय. हे म्हणतात आपण चौघंच, चार खुर्च्यांचं बास झालं. पण सुट्टीला सासू-सासरे गडहिंग्लजहून येतात, तेव्हा काय करायचं? — एक वाचक, कळंबा

आवडलेल्या टेबलाचे पैसे अजून दिले नसाल तर दोन दिवस थांबा. शोरूमचा हॉल एवढा मोठा असतो की तिथं कुठलंही टेबल आटोपशीर दिसतं आणि तेच घरी आलं की दार उघडायला जागा राहत नाही. घरी जाऊन जुनी वर्तमानपत्रं टेबलाच्या मापानं जमिनीवर पसरा, कडा चिकटपट्टीनं चिकटवा, भोवती घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडा आणि दोन दिवस त्याला वळसा घालूनच फिरा. फ्रिज उघडून बघा, किचनमधून हातात गरम पातेलं असल्यासारखं येऊन बघा, कपडे वाळत घालायला बाल्कनीत जाऊन बघा. कुठं अंग चोरावं लागतं ते पायाला आपोआप कळतं.

आता मापं. एका माणसाला टेबलाच्या कडेला दोन फूट लागतात, २४ इंच, त्याच्या खाली गेलं की शेजारच्याचं कोपर आपल्या वाटीत. रुंदीचं गणित मात्र आपल्या ताटावरून करायचं. पाश्चात्त्य पद्धतीच्या प्लेटला पुरतं ते आपल्याला पुरत नाही. आपलं ताट १२ इंचांचं धरा, रविवारी त्याच्या बाहेर तांबड्या रश्श्याची वाटी, पांढऱ्याची वाटी, कांदा-लिंबाची बशी आणि पाण्याचा तांब्या. समोरासमोर दोन ताटं म्हणजे २४ इंच, मध्ये रश्श्याचं भांडं आणि भाकरीची दुरडी ठेवायला आणखी १२, झाले ३६. म्हणून ३ फूट रुंदी पाहिजेच. स्वस्तात मिळणारी अडीच फुटी टेबलं असतात ना, त्यावर मधलं भांडं बसत नाही, मग ते किचनच्या कट्ट्यावर राहतं आणि घरातली बाई प्रत्येक वाढीला उठते.

तुमच्या जागेत मी ५ बाय ३ चं टेबल घेईन. लांबी तुमच्या १० फुटांच्या रुंदीत आडवी टाका, एक आखूड बाजू भिंतीला लावा, म्हणजे पलीकडं ५ फुटांचा मोकळा रस्ता किचनला राहतो. ८ फुटांतून टेबलाचे ३ गेले की दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात, खुर्ची मागं घेऊन बसायला-उठायला तेवढं पुरतं. बसलेल्याच्या पाठीमागून कुणाला जायचं असेल तर मात्र ३ फूट तरी लागतात, साडेतीन असतील तर फारच बरं, पण तुमची जा-ये पाठीमागून होतच नाही, ती टेबलाच्या टोकाकडून होते, म्हणून चालून जातं. साडेतीन फुटी टेबल घेतलं तर बाजूंना सव्वादोन फूटच राहतील, रोज खुर्ची भिंतीला घासणार.

रोज चौघं समोरासमोर बसा, टोकाला पाचवी खुर्ची. सासू-सासरे आले की टेबल भिंतीपासून अडीच फूट ओढायचं, भिंतीकडच्या टोकाला सहावी खुर्ची. फुगणारं, म्हणजे मधून फळी निघणारं टेबल यासाठी लागत नाही. ते लागतं जिथं एरवी चौघं आणि सणाला आठ असतात, आणि ते घेताना सरकपट्ट्या दुकानातच दहा वेळा उघडमीट करून बघायच्या, अडकल्या की पुढच्या वर्षी ती फळी कायमची कपाटामागं.

आणि एक, जी खुर्ची किचनच्या दाराला सगळ्यात जवळ आहे तिच्या हाताशी दीड फूट रुंद छोटं कपाट किंवा स्टूल ठेवा, टेबलाच्याच उंचीचं. भाताचं पातेलं, ताक, जादा वाट्या सगळं तिथं. मला माहिताय की भाकरी तव्यावरची ताटात पडली पाहिजे असा आपल्याकडं हट्ट असतो आणि त्यात चूक काही नाही, पण म्हणून भाकरी करणारी व्यक्ती वर्षानुवर्षं सगळ्यांच्या शेवटी एकटी जेवते. पहिल्या चार भाकरी दुरडीत कापडात गुंडाळून हाताशी आल्या तर तीही पहिला घास सगळ्यांबरोबर घेऊ शकते. टेबलावर ३०-४० हजार घालणारच आहात तर एवढी सोय त्यातच करून घ्या.

आमचं घर फुलेवाडीत, सखल भागात. २०१९ ला पाणी शिरलं, २०२१ ला परत शिरलं. पहिल्या वेळचं डायनिंग टेबल पाव पाण्यात बुडवल्यासारखं फुगून फुटलं, दुसरं पण तसंच गेलं. आता घ्यायचंच नाही असं आई म्हणतात. घेतलं तर कशाचं घेऊ? — फुलेवाडी

तुमचं पत्र वाचून खूप वाईट वाटलं. दोन वर्षांत दोनदा घर धुऊन काढणं ही काय गोष्ट आहे ते आपल्याकडं सुतारवाड्यात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, चिखली-आंबेवाडीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आईंचं म्हणणं मला कळतं. तरी टेबल घ्या, फक्त वेगळ्या तऱ्हेचं घ्या.

तुमची दोन्ही टेबलं बहुधा एमडीएफची किंवा पार्टिकल बोर्डची असणार. हे बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा नि तंतू गोंदात दाबून केलेले असतात, पाणी आत गेलं की भुसा फुगतो, गोंद सुटतो आणि वाळवलं तरी तो मूळ जाडीला परत येत नाही. वरची सनमायका कितीही चांगली असू दे, पाणी खालून आणि कडेतून शिरतं. पुराच्या घरात हे बोर्ड नकोच, कितीही स्वस्त असले तरी.

अस्सल सागवान घ्या. सागात मुळातच तेल असतं, पाणी त्याला लवकर लागत नाही आणि पुरानंतर जी वाळवी येते तीही इतर लाकडांपेक्षा कमी धरते. सगळं सागाचं परवडत नसेल तर पाय आणि सांगाडा सागाचा आणि वरचा टॉप मरीन प्लायचा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा करा. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का आहे का बघा, तो मरीन प्लायचा आहे, आयएस ३०३ चा वेगळा आणि त्यातला एमआर प्रकार तर फक्त हवेतला ओलावा सोसणारा असतो, पाण्यात बुडण्यासाठी तो नाहीच. लोखंडी पाय घेणार असाल तर पोकळ नळ्यांची तोंडं दोन्हीकडून बंद आहेत का तपासा, नाहीतर पाणी आत साठतं, बाहेरून रंग चकचकीत आणि आतून गंजून पाय मोडतो.

पण लाकडापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे टेबल उचलता आलं पाहिजे. ४ बाय ३ च्या पुढं जाऊ नका, टॉप आणि पाय नट-बोल्टनं जोडलेले असू देत, गोंद लावून कायमचे नकोत. पान्यानं दहा मिनिटांत सुटलं, दोघांनी जिन्यावरून वर नेलं, झालं. ग्रॅनाइटचा टॉप पाण्याला टिकतो हे खरं, पण तो ऐनवेळी कोण उचलणार? खुर्च्या एकात एक बसणाऱ्या किंवा घडीच्या घ्या, बैठकीला फोम नको, फोमनं एकदा पुराचं पाणी पिलं की तो टाकूनच द्यावा लागतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असेल. ३९ ची बातमी आली की पान्याला हात घालायचा, ४३ ची वाट बघायची नाही.

आणि तरीही टेबल भिजलंच तर आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा, सांध्यांतला गाळ जुन्या टूथब्रशनं काढा, आणि मग सावलीत, वारा लागेल असं, विटांवर उचलून ठेवून वाळवा. घाईनं उन्हात टाकलं की वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि लाकूड तडकतं. पंधरा दिवस, तीन आठवडे लागू देत. पूर्ण वाळल्याशिवाय पॉलिश करू नका, ओल आत कोंडते आणि वर पांढरे डाग येतात.

शिवाजी पेठेत जुनं घर आहे, सोपा, म्हणजे पुढची खोली, ८ फूटच रुंद. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना खालती बसता येत नाही, तर मामंजी म्हणतात मी पाटाशिवाय जेवणार नाही, खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून अन्न गोड लागत नाही. मग दोघं दोन ठिकाणी जेवतात. काहीतरी सांगा. — एक सूनबाई

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. इतकी वर्षं शेजारी बसून जेवलेली दोन माणसं आता एक वरती, एक खालती, हे कुणालाच बघवणार नाही.

मामंजींना खुर्ची आवडत नाही असं नाही, त्यांना मांडी घालायची आहे. मग मांडी घालता येईल अशी जागा टेबलाशीच करू या. भिंतीला लागून २ फूट रुंद लाकडी बाक करून घ्या, ५ फूट लांब, जमिनीपासून १७ इंच उंच. नेहमीचा बाक सव्वा ते दीड फुटाचा असतो, त्यावर मांडी मावत नाही, गुडघे बाहेर येतात, म्हणून सुताराला २ फूट निक्षून सांगा. त्यावर पातळ सतरंजी किंवा घोंगडी. समोर ३० इंच उंचीचं टेबल. आता इथं एक गोष्ट बघावी लागते, टेबलाच्या टॉपखाली चारही बाजूंनी जी आडवी पट्टी असते ती कधीकधी ५-६ इंचांची असते आणि मांडी घातली की गुडघे तिला अडतात. ही पट्टी ३ इंचांपेक्षा जास्त नको, म्हणजे टॉपची इंचभर जाडी धरूनही बाकापासून पट्टीच्या खालपर्यंत ९ इंच राहतात आणि मांडी आरामात आत जाते. टेबलाचे पायही चार कोपऱ्यांत नकोत, थोडे आत घेतलेले किंवा मधला एकच जाड खांब, म्हणजे बाकावर सरकून बसायला सोपं पडतं.

बाकाला पाठ म्हणजे भिंतच, त्यामुळं मागं खुर्ची ओढायची जागा लागत नाही, ८ फुटांच्या सोप्यात हे फार कामाचं आहे. २ फूट बाक, अडीच फूट टेबल (दोघा-तिघांनाच बसायचंय, म्हणून इथं अडीच चालेल, ताटं समोरासमोर न मांडता जरा तिरकी मांडा), मग समोरची खुर्ची आणि दाराची वाट. बाकाखाली खण केला की मोठी पातेली, पाट, चौरंग सगळं आत जातं.

सासूबाईंसाठी खुर्ची १८ ते १९ इंच उंच, हाताची. गुडघे दुखणाऱ्याला उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यायला काहीतरी लागतंच. खुर्चीचे हात टेबलाखाली जातात का तेवढं मोजा, नाहीतर खुर्ची लांबच राहते आणि वरण मांडीवर सांडतं. बैठक खूप मऊ नको, त्यात रुतलं की उठता येत नाही. खुर्चीच्या पायाला चाकं कुणी सुचवली तर अजिबात घेऊ नका, म्हातारं माणूस टेकायला जातं आणि खुर्ची मागं पळते.

सासूबाईंना बाकाच्या समोर बसवू नका, टेबलाच्या टोकाला, मामंजींच्या उजव्या हाताला बसवा. शेजारी बसायची सवय आहे त्यांना.

टॉप कशाचा चांगला? काच, मार्बल, ग्रॅनाइट की सनमायका? — राजारामपुरी

आपल्या जेवणाला मार्बल चालत नाही, सरळ सांगते. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, सगळं आंबट त्याला खातं, तिथली चकाकी कायमची जाते, आणि हळदीचा डाग तर पांढऱ्या मार्बलमध्ये मुरतोच. ग्रॅनाइट चांगला, फक्त वजनाचा विचार करून खालचा सांगाडा भक्कम पाहिजे. काच घ्यायची तर टफन्डच, १० ते १२ मिलिमीटर जाड, कडा गोल केलेल्या, आणि लहान मुलं असतील तर मी काच नाहीच म्हणेन, रोज बोटांचे डाग पुसण्यातच जीव जातो. सनमायका रोजच्या वापराला उत्तम, पुसली की झालं, पण कुकर थेट ठेवला की ती फुगते, खाली लाकडी चकती हवीच. लाकडी टॉपला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करून घ्या, महाग पडतं पण हळद-तेल पटकन मुरत नाही.

दुकानदार सॉलिड वूड म्हणतो ते खरं कसं ओळखायचं? फसवणूक झालीय एकदा. — इचलकरंजी

"शिसम फिनिश", "टीक फिनिश" असं ऐकू आलं की समजायचं की तो रंग आहे, लाकूड नाही. बिलावर लाकडाचं नाव लिहून मागा, लिहायला कां-कूं केली की उत्तर मिळालं. मग मोबाईलचा टॉर्च लावून टेबलाखाली वाका. खऱ्या फळीत वरच्या रेषा कडेवरून खाली वळताना दिसतात, चिकटवलेल्या पापुद्र्यात कडेला वेगळीच पट्टी लावलेली असते. खालची बाजू गुळगुळीत भुऱ्या पुठ्ठ्यासारखी दिसली तर बोर्ड आहे. रबरवूड म्हणजे नकली असं लोकांना वाटतं, तसं नाही, ते रबराच्या झाडाचं खरंच लाकूड असतं, चीक देऊन झालेल्या झाडाचं. किमतीच्या मानानं चांगलंय, फक्त ओल आणि वाळवी त्याला सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात भिंतीला ओल धरणाऱ्या घरात नको.

टेबलापेक्षा खुर्ची आधी मोडते हे लक्षात ठेवा. खुर्चीवर बसा, मागं रेला, डावी-उजवीकडं हला, कुरकुर आली तर सोडून द्या. उलटी करून बैठकीखालचे चारही कोपरे बघा, तिथं तिरका ठोकळा स्क्रूनं बसवलेला पाहिजे. नुसत्या पिना नि गोंद असेल तर दोन दिवाळ्या निघणार नाहीत. आणि दुकानात दहा मिनिटं त्या खुर्चीवर बसूनच राहा, दुकानदाराला काय वाटेल याचा विचार करू नका. बैठकीपासून टेबलाच्या टॉपपर्यंत ११-१२ इंच असले की खांदे वर न उचलता जेवता येतं.

टेबलावर लोंबता दिवा लावायचाय, किती खाली? — ताराबाई पार्क

टेबलाच्या टॉपपासून ३० ते ३६ इंच वर. त्याच्यापेक्षा खाली आला की समोरच्याचं तोंड दिसत नाही, वर गेला की डोळ्यात जातो. उजेड पिवळसर घ्या, पांढऱ्या निळसर उजेडात तांबडा रस्सा पण फिका दिसतो. पण आधी पंखा कुठं आहे ते बघा. दिवा पंख्याच्या पात्यांच्या रेषेत आला की सावली भिरभिरत राहते आणि डोकं दुखतं, शिवाय दिवा हलत राहतो तो वेगळाच. उन्हाळ्यात आपल्याकडं पंख्याशिवाय जेवण होत नाही, म्हणून दोन्हींतून एक निवडायची वेळ आली तर पंखा टेबलावर ठेवा आणि दिवा भिंतीवर लावा.

टेबल चांगलं सागाचं आहे, सहा जणांचं. पण त्यावर विजेची बिलं, हेल्मेट, मुलीची पुस्तकं, औषधं, भाजीची पिशवी, आणि आम्ही सगळे टीव्हीसमोर ताट घेऊन बसतो. नवीन छोटं घेतलं तर फरक पडेल का? — कसबा बावडा

नवीन घेऊ नका, पैसे वाया जातील, छोट्या टेबलावर पण तेच साठेल. दारातून आत आल्यावर हातातलं ठेवायला पहिली सपाट जागा तुमच्या घरात हे टेबलच असणार, म्हणून सगळं तिथं येऊन पडतं, यात घरातल्या कुणाचा आळस नाही. दाराजवळ भिंतीवर ४ फूट उंचीवर ८ इंचांची एक फळी ठोका, खाली तीन-चार खुंट्या, किल्ल्या, हेल्मेट, बिलं तिथंच थांबतील. भाजीच्या पिशवीला किचनच्या दारामागं हूक. मुलीची पुस्तकं मात्र उचलू नका, तिला तिथंच अभ्यास करावासा वाटतो कारण तिथं तुम्ही जवळ असता. तिला टेबलाखाली एक उथळ खण करून द्या, जेवायच्या वेळी वह्या आत सरकवायच्या, नंतर परत बाहेर. सहा खुर्च्यांतल्या दोन काढून बेडरूममध्ये ठेवा, रिकाम्या खुर्चीवर कपडे साठतात. टीव्ही टेबलावरून दिसतच असेल तर टेबल फिरवून बघा, लांब बाजू टीव्हीला काटकोनात.

औषधांच्या डब्याला मात्र टेबलाजवळच जागा ठेवा, जेवणानंतरची गोळी तिथंच आठवते.